घटना टिकते कशामुळे?
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावासाठी जमलेल्या माणसांपुढे राज्यघटनेचा विषय काढला की मागच्या रांगेत कुजबुज सुरू होते. घटना म्हणजे वकिलांचे काम, पुढाऱ्यांचे काम, फार तर २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदन करणाऱ्या गुरुजींचे काम. कोरडवाहू शेतकऱ्याचा तिच्याशी काय संबंध?

संबंध आहे. आपला कापूस त्या पुस्तकात नावानिशी लिहिलेला आहे. कलम ३६९ काढून बघा. घटना लागू झाल्यापासून पहिली पाच वर्षे कोणत्या मालाच्या व्यापारावर दिल्लीच्या संसदेला कायदे करता येतील, त्याची तिथे यादी आहे. त्या यादीत कच्चा कापूस आहे, रुई आहे, सरकी आहे, खाद्यतेल आहे, गुरांची पेंडसुद्धा आहे. इंग्रजी मजकुरात 'कपास' हा आपला देशी शब्द जसाच्या तसा घातलेला आहे. पाच वर्षांची मुदत संपत आली तेव्हा १९५४ साली तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि कापूस व सरकी समवर्ती यादीत कायमची जाऊन बसली. समवर्ती म्हणजे केंद्रालाही कायदा करता येतो, राज्यालाही करता येतो. शेती हा विषय मात्र राज्याच्या यादीत, आणि परदेशी व्यापार केंद्राच्या यादीत.

म्हणजे पेरणी राज्याची, बाजार दोघांचा, निर्यात दिल्लीची. १९७२ पासून कितीतरी वर्षे महाराष्ट्रात सरकारखेरीज दुसऱ्या कोणाला कापूस विकता येत नव्हता, तो राज्याच्या कायद्याने. २०१२ च्या मार्च महिन्यात कापसाच्या निर्यातीवर एका रात्रीत बंदी आली, ती केंद्राच्या अधिकाराने. आपल्या गाडीतला माल कोणत्या वाटेने जाणार आणि कोण अडवणार, हे या पुस्तकावरून ठरते. तेव्हा हे पुस्तक टिकले कसे, ते यापुढे टिकेल का, आणि टिकले तर आपल्या उपयोगी पडेल का, हा हिशेब आज आपण मांडू या.

सरासरी आयुष्य एकोणीस वर्षे

जगात राज्यघटना फार काळ जगत नाहीत. एल्किन्स, गिन्सबर्ग आणि मेल्टन या तीन अभ्यासकांनी १७८९ पासूनच्या जगभरच्या घटना तपासून २००९ साली एक ग्रंथ काढला. त्यात घटनेचे सरासरी आयुष्य निघाले १९ वर्षे. बैलजोडीच्या दीड आयुष्याइतके म्हणा.

गंमत अशी की हाच आकडा सव्वादोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या थॉमस जेफरसनने सांगितला होता. १७८९ साली एका पत्रात त्याने हिशेब केला की १९ वर्षांत एक पिढी सरते आणि दुसरी येते. तेव्हा दर १९ वर्षांनी घटना नव्याने लिहावी, मेलेल्यांनी जिवंतांवर राज्य करू नये. त्याच्या देशाने त्याचे ऐकले नाही. अमेरिकेची घटना १७८९ पासून चालू आहे आणि आजवर तिच्यात फक्त २७ दुरुस्त्या झाल्या आहेत. पण बाकीच्या जगात न ठरवता त्याच्या हिशेबाप्रमाणेच घडत गेले.

लांब कशाला, शेजारी बघा. पाकिस्तानची पहिली घटना १९५६ साली लागू झाली आणि १९५८ साली लष्कराने रद्द केली. दुसरी १९६२ ची, तीही १९६९ साली गेली. आता चालू आहे ती १९७३ ची, आणि तीसुद्धा मधूनमधून गुंडाळून ठेवण्यात आली. नेपाळने १९४८ पासून २०१५ पर्यंत सात घटना पाहिल्या. फ्रान्ससारख्या देशाने १७९१ पासून घटनेमागून घटना बदलल्या. सध्याची १९५८ ची आहे.

आपली घटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली आणि तिने पंचाहत्तरी ओलांडली. फाळणीच्या रक्तात, अन्नधान्याच्या टंचाईत, बहुसंख्य माणसे निरक्षर असताना जन्मलेले हे लेकरू. परदेशातल्या भल्याभल्यांनी त्याची काही खात्री दिली नव्हती. तरी जगले. कशामुळे?

शेताचा बांध कशामुळे टिकतो, हे ज्याला कळते त्याला हेही कळेल. बांध नुसत्या दगडमातीने टिकत नाही. तो घालताना दोन्हीकडचे हजर असावे लागतात. पाणी जायला सांडवा ठेवावा लागतो. हद्दीचे दगड कोणी हलवू नयेत अशी व्यवस्था लागते. आणि पावसाळ्यात फावडे घेऊन बांधावरून फिरणारा माणूस लागतो. या चारातले एक चुकले तरी बांध जातो.

बांध घालताना कोण हजर होते?

घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ ला झाली आणि घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. दोन वर्षे, अकरा महिने आणि अठरा दिवस. एवढा वेळ लावला म्हणून तेव्हाही टीका झाली. पण हा वेळ ऐकून घेण्यात गेला. मसुदा छापून लोकांपुढे ठेवला. त्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. हे आकडे खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात दिले.

बाबासाहेब तिथे कसे आले तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांचे आणि काँग्रेसचे हाडवैर. १९४६ साली ते बंगालमधून निवडून आले. फाळणीत ती जागा गेली. तेव्हा त्याच काँग्रेसने त्यांना मुंबई प्रांतातून पुन्हा निवडून आणले आणि ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ज्याने आपल्यावर सर्वांत कडक टीका केली, त्याच्याच हातात लेखणी दिली. समितीत आदिवासींच्या बाजूने जयपालसिंग मुंडा बोलत होते. पंधरा स्त्रिया होत्या. आपल्या वऱ्हाडातले पंजाबराव देशमुख होते, तेच पुढे १९५२ साली देशाचे कृषिमंत्री झाले.

सगळे हजर होते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. मुस्लिम लीगने बहिष्कार घातला होता. समितीचे सभासद प्रांतांच्या विधिमंडळांनी निवडले होते, आणि त्या विधिमंडळांसाठी मत द्यायला जमीनजुमला किंवा शिक्षण लागे. निंदणाऱ्या बाईला आणि सालदाराला त्यात मत नव्हते. पण याच मर्यादित मतांवर निवडून आलेल्या माणसांनी कलम ३२६ लिहून प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले. जमीन नसली तरी मत, अक्षर येत नसले तरी मत. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत १७ कोटींहून अधिक नावे होती. ज्यांना बांध घालताना बोलावले नव्हते, त्यांना बांध घालून होताच भागीदार करून घेतले. टिकण्याचे पहिले कारण हे. ज्या पुस्तकात आपला वाटा आहे, ते जाळायला कोणी लवकर धजत नाही.

सांडवा

दुसरे कारण सांडवा. जो बांध पाण्याला वाटच देत नाही तो पहिल्या मोठ्या पावसात फुटतो.

बाबासाहेबांनी त्याच भाषणात जेफरसनचे मत सांगितले आणि म्हणाले की घटना समितीनेही पुढच्या पिढ्यांचे हात बांधलेले नाहीत. अमेरिकेसारखी अवघड अट आपण ठेवली नाही. कलम ३६८ प्रमाणे दोन्ही सभागृहांत हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश आणि एकूण सभासदांपैकी निम्म्याहून अधिक मते मिळाली की दुरुस्ती होते. केंद्र आणि राज्य यांच्या अधिकारांना हात लागत असेल तर निम्म्या राज्यांची संमतीही लागते. साध्या कायद्यापेक्षा अवघड, पण अशक्य नाही. २०२३ पर्यंत अशा १०६ दुरुस्त्या झाल्या.

यामुळे काय साधले? १९५६ साली सातव्या दुरुस्तीने भाषेप्रमाणे राज्ये झाली. हा प्रश्न तुंबला असता तर देश फुटला असता. १९८९ साली मताचे वय २१ वरून १८ वर आले. गावाचेच उदाहरण घ्या. मूळ मसुद्यात ग्रामपंचायतीला जागा नव्हती. ओरड झाली म्हणून कलम ४० घातले, तेही नुसता उपदेश म्हणून. ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला लागू झाली तेव्हा कुठे पंचायतीच्या निवडणुका सक्तीच्या झाल्या, ग्रामसभेला घटनेत जागा मिळाली आणि एक तृतीयांश जागा बायांसाठी राखल्या गेल्या. त्रेचाळीस वर्षे लागली. उशीर झाला, पण त्यासाठी जुनी घटना मोडून नवी करावी लागली नाही.

हद्दीचे दगड

आता तिसरी गोष्ट, आणि ही जास्त अवघड आहे. सांडवा फार रुंद केला तर सगळी माती वाहून जाते. दुरुस्ती करता करता घटनाच पुसून टाकली तर?

हे घडलेले आहे. जर्मनीची १९१९ ची घटना कागदावर उत्तम होती. मार्च १९३३ मध्ये तिथल्या संसदेने दोन तृतीयांश मतांनी एक कायदा केला आणि कायदे करण्याचा अधिकार हिटलरच्या मंत्रिमंडळाला देऊन टाकला. सभासदांना धाक घालून मते घेतली हे खरे, तरी बांध तोडणाऱ्यांच्या हातात पावती नियमाचीच होती. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे.

आपल्याकडे हा प्रश्न जमिनीवरूनच उभा राहिला. १९५१ च्या मार्चमध्ये पाटणा हायकोर्टाने बिहारचा जमीनदारी निर्मूलनाचा कायदा रद्द केला. त्यावर तोड म्हणून पहिली घटनादुरुस्ती झाली आणि नववे परिशिष्ट जन्माला आले. या परिशिष्टात जो कायदा घालायचा, तो मूलभूत हक्कांचा भंग करतो म्हणून कोर्टाला रद्द करता येणार नाही. सुरुवातीला तेरा कायदे होते. आज २८४ नोंदी आहेत.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कूळकायद्यामुळे ज्यांच्या बापजाद्यांना कसत असलेली जमीन मिळाली, अशी माणसे या मांडवात बसलेली आहेत. जमीनदारी जायलाच हवी होती. पण जमीनदारासाठी उघडलेल्या दारातून पुढे काय काय आत गेले ते पहा. महाराष्ट्राचा १९६१ चा सीलिंग कायदा गेला. १९७६ साली, आणीबाणीत, १९५५ चा आवश्यक वस्तू कायदाही त्यात टाकला. त्याचा जमीन वाटपाशी काय संबंध? काही नाही. साठ्यावर बंधन, वाहतुकीवर बंधन, भावावर बंधन घालणारा हा कायदा शेतमालाच्या मानेवर बसला, आणि मूलभूत हक्कांच्या नावाने कोर्टाचे दार ठोठावायची सोय गेली.

मग अडवले कोणी? केरळात कासरगोडजवळ एडनीर नावाचा मठ आहे. तिथले स्वामी केशवानंद भारती यांनी मठाच्या जमिनीसाठी केरळच्या जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात अर्ज केला. त्यांच्या बाजूने नानी पालखीवाला उभे राहिले. तेरा न्यायाधीश बसले आणि अडुसष्ट दिवस सुनावणी चालली. २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहा असा निकाल लागला. संसदेला घटनेचे कोणतेही कलम बदलता येईल, पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही. स्वामींना जमीन काही मिळाली नाही. देशाला मात्र हद्दीचे दगड मिळाले. पिकाची पाळी बदला, विहीर खणा, गोठा हलवा. सातबारावरचे शेतच नाहीसे करू नका, असा त्या निकालाचा अर्थ. नववे परिशिष्टही यातून सुटले नाही. ११ जानेवारी २००७ ला नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की २४ एप्रिल १९७३ नंतर त्यात घातलेले कायदे मूळ ढाच्याला धक्का देत असतील तर तपासता येतील.

सात विरुद्ध सहा. एका मताचे अंतर. यावर ज्याला फार निर्धास्त वाटत असेल त्याने पुढचे ऐकावे.

फावडे घेऊन फिरणारा

२५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी आली. पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. कैद्यांना कोर्टात दाद मागता येते का, असा प्रश्न आला तेव्हा सुप्रीम कोर्टाने २८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक अशा मताने 'नाही' म्हणून सांगितले. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. त्यांची सरन्यायाधीश होण्याची पाळी होती, ती जानेवारी १९७७ मध्ये डावलली गेली. त्याच काळात ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पाचाची सहा वर्षे केली आणि घटनादुरुस्तीवर कोर्टाने प्रश्नच विचारायचा नाही असे लिहून टाकले.

म्हणजे संसद बदलली होती, कोर्ट वाकले होते, वर्तमानपत्रे गप्प होती. तेव्हा घटना वाचवली कोणी? मार्च १९७७ च्या निवडणुकीत मतपेटीपुढे रांग लावून उभ्या राहिलेल्या माणसांनी. त्यांतल्या बहुतेकांनी कलम ३६८ चे नावही ऐकले नव्हते. पण नसबंदीची जबरदस्ती आणि पोलिसाचा धाक त्यांनी पाहिला होता. सरकार गेले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत पुन्हा पाच वर्षे झाली. अंतर्गत अशांततेच्या नावावर आणीबाणी लावायची सोय गेली, सशस्त्र उठाव असेल तरच लावता येईल असे ठरले. जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही असेही लिहिले गेले. १९७६ चा तो निकाल स्वतः सुप्रीम कोर्टाने २०१७ साली चुकीचा ठरवला. चाळीस वर्षांनी का होईना, खन्ना बरोबर ठरले.

चौथे कारण हे. घटना स्वतःचे रक्षण स्वतः करत नाही. बांध कोरणारा शेजारी वर्षाला एकच तास आत सरकतो. पहिल्या वर्षी दिसत नाही. दहाव्या वर्षी सबंध पट्टा गेलेला असतो. त्याला अडवायला बांधावरून फिरणारा लागतो. आणि घटनेचा बांध कोरणारा शेजारी म्हणजे कोणता एक पक्ष नव्हे. ज्याच्या हातात नांगर येतो, त्याला तासभर आत सरकण्याचा मोह होतोच.

आपल्या खात्यावर काय जमा?

आता कोणी म्हणेल, टिकली ते ठीक, पण शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? रास्त प्रश्न आहे.

ज्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीचे दात काढले, त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. २० जून १९७९ पासून तो कलम ३००अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून राहिला: कायद्याच्या आधाराखेरीज कोणाची मालमत्ता काढून घेता येणार नाही. कारखानदाराची मालमत्ता शेअरमध्ये असते, आज इथे तर उद्या तिथे. शेतकऱ्याची मालमत्ता जागची हलत नाही. रस्ता आला, धरण आले, औद्योगिक वसाहत आली की पहिला घाव जमिनीवर. तेव्हा हा हक्क खाली उतरवल्याची झळ कोणाला लागली ते वेगळे सांगायला नको.

पण जे हातात आहे ते तरी आपल्याला माहीत आहे का? कलम ३१अ मध्ये १९६४ साली सतराव्या दुरुस्तीने घातलेले एक परंतुक आहे. जो शेतकरी जमीन स्वतः कसतो, त्याची सीलिंगच्या आतली जमीन त्या कलमाखालच्या कायद्याने घ्यायची असेल तर बाजारभावापेक्षा कमी नसलेला मोबदला दिला पाहिजे. हे आजही घटनेत आहे. १८९४ चा इंग्रजांचा भूसंपादन कायदा जाऊन १ जानेवारी २०१४ पासून नवा कायदा आला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती त्यात लागते. डिसेंबर २०१४ मध्ये वटहुकूम काढून काही प्रकल्पांना या अटीतून सूट दिली गेली. देशभर विरोध झाला आणि ऑगस्ट २०१५ मध्ये तो वटहुकूम संपू द्यावा लागला.

हिमाचल प्रदेशातल्या एका बाईंची हकीकत सांगतो. विधवा, लिहिता-वाचता येत नाही. १९६७-६८ साली सरकारने त्यांची जमीन रस्त्यासाठी घेतली. ना नोटीस, ना मोबदला. त्यांनी कोर्टाची वाट धरली तेव्हा सरकारने काय सांगितले? इतकी वर्षे कब्जा आमचा आहे, म्हणजे जमीन आमची झाली! बांध कोरणाऱ्याची हीच भाषा असते. ८ जानेवारी २०२० ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की जनतेच्या भल्यासाठी चालणाऱ्या राज्याला असे बोलता येणार नाही, आणि त्या ऐंशी वर्षांच्या बाईंना मोबदला द्यायला लावला. २०२४ च्या मे महिन्यात याच कोर्टाने ३००अ चा अर्थ आणखी उलगडला: नोटीस मिळाली पाहिजे, म्हणणे ऐकले पाहिजे, निर्णयाची कारणे दिली पाहिजेत, सार्वजनिक कामासाठीच जमीन घेतली पाहिजे, योग्य मोबदला दिला पाहिजे आणि काम वेळेत पुरे केले पाहिजे.

बाईंना न्याय मिळाला, पण पन्नास वर्षांनी. दोन्ही गोष्टी खऱ्या. पुस्तक टिकले म्हणून न्याय मिळाला. पुस्तक कोणी वेळेवर उघडले नाही म्हणून पन्नास वर्षे गेली.

तसेच विदर्भ-मराठवाड्याचे. कलम ३७१ मध्ये या दोन प्रदेशांची नावे आहेत. विकास मंडळांची तरतूद १९५६ ची, मंडळे झाली १९९४ साली, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सिंचनाचा अनुशेष दांडेकर समितीने १९८४ साली मोजून दिला होता. कलमाने नाव दिले. पाणी काही आणून दिले नाही. कलम म्हणजे मोट. ओढणारे बैल नसतील तर विहिरीत पाणी असून शेत कोरडेच.

निवाडा

२०२० साली शेतीचे तीन कायदे आले. त्यांच्याबद्दल या मांडवात दोन्ही मतांची माणसे आहेत आणि आज त्या वादात शिरायचे नाही. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य व्हावी. शेती राज्याच्या यादीत असताना, राज्यांना पुरेसे विश्वासात न घेता, आधी वटहुकूम काढून कायदा आणला की चांगला असो की वाईट, तो रुजत नाही. वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला संसदेने ते कायदे मागे घेतले. ज्यांना ते हवे होते त्यांचेही नुकसान झाले. सगळ्यांना बसवून ऐकून घ्यायचे, हा १९४६ सालचा धडा विसरला की असे होते.

बाबासाहेबांनी शेवटच्या भाषणात इशारा दिला होता. २६ जानेवारीपासून राजकारणात सगळे समान होतील, पण पैशाअडक्यात आणि समाजात विषमता तशीच राहील. ही विसंगती लवकर काढली नाही तर विषमता भोगणारी माणसेच लोकशाहीची ही इमारत उद्ध्वस्त करतील. आपण त्या माणसांपैकी आहोत. कर्जाने गांजलेल्या, गळफास जवळ करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन घटना पंचाहत्तर वर्षे टिकली म्हणून पेढे वाटता येत नाहीत, हे आम्ही जाणतो. तरीही आमचे सांगणे असे की हे पुस्तक आपण टाकू नये. ज्या देशांत घटना कोलमडल्या, तिथे शेतकऱ्याचे भले झाले नाही. तिथे बंदूक ज्याच्या हाती, त्याचे भले झाले. आपल्याजवळ बंदूक नाही. आपल्याजवळ मत आहे, मोर्चा आहे, कोर्टाचे दार आहे. ही तिन्ही हत्यारे याच पुस्तकातून आलेली आहेत.

म्हणून घरी जाऊन करायच्या तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो. गावात घटनेची एक मराठी प्रत आणून ठेवा आणि कलम १४, १९, २१, ३१अ, ३००अ व ३७१ शाळकरी पोरांकडून मोठ्याने वाचून घ्या. ग्रामसभेला जा, मायबहिणींनी आधी जावे, कारण ती जागा मिळायला त्रेचाळीस वर्षे लागली आहेत. आणि भूसंपादनाची नोटीस आली तर तलाठ्याच्या तोंडी शब्दावर अंगठा न उठवता कारण, कायदा आणि मोबदल्याचा हिशेब लेखी मागा. गरिबाला फुकट वकील देण्याची तरतूद कलम ३९अ मध्ये आहे आणि त्यासाठी जिल्ह्याच्या कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, हे विसरू नका.

मृगाचे ढग दिसले की आपण बांधावरून एक फेरी मारतो. कुठे भगदाड पडले, कुठे उंदराने पोखरले, कुठे शेजाऱ्याने तास सरकवला, ते बघतो. घटनेच्या बांधावरूनही तशीच फेरी मारत राहा, एवढेच मागणे आहे.